मुंबईत जेवायला आणि ‘बसायला’: खानावळ, उडुपी, इराणी आणि परमिट रूम नीट वापरायची पद्धत

मुंबईतल्या एखाद्या नावाजलेल्या जागेबद्दल ‘काही खास नाही’ असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तिथे भलत्या वेळी गेलेला असतो किंवा त्याने भलतंच काहीतरी मागवलेलं असतं. माशाच्या खानावळीत रात्री साडेदहाला पोचायचं आणि सोबतच्यासाठी पनीर टिक्का सांगायचा, मग दुसरं काय होणार? इथल्या जुन्या जागांचा हिशोब साधा आहे. प्रत्येक ठिकाणी तीन-चार पदार्थ जीव ओतून होतात आणि तेही दिवसातल्या ठरावीक दोन-तीन तासांत. बाकीचं मेनूकार्ड आलेलं गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून छापलेलं असतं. ते तीन-चार पदार्थ आणि ते दोन-तीन तास कसे हुडकायचे, एवढंच खरं शिकण्यासारखं आहे.

आधी गल्ला बघा, मग कार्ड

आत शिरल्यावर पहिली नजर गल्ल्यामागच्या भिंतीकडे टाका. कटीलची दुर्गापरमेश्वरी किंवा धर्मस्थळाचा मंजुनाथ दिसला तर मालक उडुपी-मंगळूर पट्ट्यातला. शांतादुर्गा किंवा मंगेशी असेल तर गोव्याकडचा. झरथुष्ट्राची तसबीर असेल तर इराणी किंवा पारशी. स्वयंपाकी बहुधा मालकाच्या मुलखातला असतो, निदान मसाल्याचं वाटण तरी त्याच मुलखाचं असतं. त्यामुळे भिंत वाचली की अर्धी ऑर्डर ठरते.

याचा सगळ्यात जास्त फायदा परमिट रूममध्ये होतो. मुंबईतले कितीतरी बार शेट्टी मंडळींचे आहेत. कार्डावर मात्र पहिली सहा पानं पंजाबी आणि चायनीज. तिथे बटर चिकन मागवणाऱ्याला सगळीकडे मिळतं तेच बटर चिकन मिळतं. त्याऐवजी वेटरला विचारा, “आज सुकं आहे का? घी रोस्ट होईल? बांगडा पुळीमुंची?” चिकन सुकं, कुंदापूर पद्धतीचा घी रोस्ट, चिंचेच्या आंबट-तिखट रस्श्यातला बांगडा आणि सोबत नीर डोसा हे पदार्थ पुष्कळदा कार्डाच्या शेवटच्या पानावर असतात किंवा कार्डावर नसतातच. विचारल्यावर वेटरचा चेहरा खुलला तर हो समजा. तो “बघतो” म्हणाला तर आग्रह धरू नका. ते काल उरलेलं असण्याची शक्यता असते.

पाट्यांवरूनही कळतं. ‘लंच होम’ म्हणजे मूळची दुपारची जागा, तिथला भर दुपारच्या जेवणावर. ‘उपाहारगृह’, ‘हिंदू हॉटेल’, ‘आरोग्य भुवन’ ही मराठी शाकाहारी फराळाची घराणी. ‘बोर्डिंग’ म्हणजे पानावर वाढतात. आणि ‘बार अँड रेस्टॉरंट’च्या पाटीवर ‘ऑर्केस्ट्रा’ असा शब्द असेल तर तो प्रकार पूर्ण वेगळा आहे. तिथले दर जेवणा-पिण्याचे नसतात. नुसतं बसायला जाणाऱ्याने तिकडे वळू नये.

कुठल्या भागात काय

फोर्ट हा दुपारचा भाग. कचेऱ्यांच्या गर्दीवर चालणारी मंगळुरी, मालवणी, गोवन आणि केरळी लंच होम्स इथे एकमेकांना खेटून आहेत. महेश लंच होम, अपूर्वा, प्रदीप गोमांतक ही सगळी फोर्टातली नावं. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ सालचं आणि ते दुपारीच चालतं. बेरी पुलाव खायचा तर अर्धी रजा टाकावी लागते. रविवारी फोर्ट ओस पडतो, बऱ्याच जागा बंद असतात, म्हणून हा भाग कामाच्या दिवसांसाठी ठेवा.

दादरला मराठी शाकाहार आणि मालवणी मासे दोन्ही एकाच फेरीत जमतात. आस्वादची मिसळ आणि थालीपीठ, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, १९१० पासूनचं मामा काणे, माशांसाठी सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमांतक. लालबाग-परळ हा गिरणगाव. गिरणी कामगारांना डबे आणि जेवण पुरवणाऱ्या बायकांच्या खानावळी इथे घराघरांत होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना कर्ज मिळावं म्हणून. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ते गिऱ्हाईकच संपलं आणि खानावळीही आटल्या. राहिलेल्यांचा तिखटपणा अजून कामगारांच्या जिभेचा आहे, तेव्हा पहिल्या खेपेला रस्सा बेताने घ्या.

माटुंगा दक्षिणेकडच्यांचा, धोबीतलाव इराण्यांचा (कयानी १९०४, ससानियन १९१३), भेंडीबाजार-महंमद अली रोड निहारी आणि कबाबांचा. बांद्र्यात पाली भागात सगळी सरमिसळ.

घड्याळ

सकाळी सात ते साडेनऊ: इराणी आणि उडुपी. पाव ताजा असतो, चहाचं आधण नुकतंच चढलेलं असतं, सांबार पहिल्या हंड्याचं असतं. निहारीसुद्धा सकाळचीच. रात्रभर मंद आचेवर शिजलेली असते, दिवस चढत जातो तशी वरची तर्री संपते आणि खाली नुसता घट्ट रस्सा उरतो.

दुपारी बारा ते दीड: मासे. गोदीवरून आणि बाजारातून सकाळी आलेला माल या वेळी तव्यावर पडतो. पावणेदोननंतर चांगल्या जागांत बोर्डावरची नावं पुसली जाऊ लागतात. हे शुभलक्षण आहे. तीन वाजताही ज्यांच्याकडे सगळेच्या सगळे पंधरा मासे ‘आहेत’, त्यांचा फ्रीज मोठा आहे एवढंच समजायचं.

रात्री साडेसात ते साडेनऊ: परमिट रूम. तंदूर तापलेला असतो, तळणीचं तेल दिवसभर उकळून काळं झालेलं नसतं, वेटरकडे तुमच्यासाठी वेळ असतो. साडेदहानंतर बार भरतो आणि भटारखाना थकतो.

माशाची थाळी, पायरीपायरीने

बसल्यावर लगेच थाळीचं नाव घेऊ नका. आधी विचारा, “आज काय चांगलं आलंय?” आणि उत्तर आल्यावर पुढचा प्रश्न, “दाखवता का?” मालवणी-गोमांतकी जागांत मॅरिनेट न केलेले मासे ताटात आणून दाखवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. सुरमईच्या कापात मधल्या काट्याला मांस घट्ट चिकटलेलं हवं, काट्याजवळचं रक्त लाल हवं. ते तपकिरी झालं असेल तर मासा जुना. अख्खा बांगडा असेल तर डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल. डोळा खोल गेलेला आणि दुधाळ असेल तर नको म्हणा, कोणी रागावत नाही. आधीच लाल मसाला फासलेला मासा दाखवला तर त्यावरून काहीही कळत नाही. मसाला त्याचसाठी तर असतो.

मग दर विचारा. पापलेट, खेकडा आणि मोठी कोळंबी यांच्यापुढे कार्डावर आकडा नसून ‘साईजप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं. बिल फुगतं ते इथेच. “हे पापलेट कितीचं?” असं त्या विशिष्ट माशाकडे बोट दाखवून विचारा, नुसता दर विचारू नका. पापलेटला २०२३ मध्ये राज्य मासा जाहीर केलं ते त्याची संख्या घटतेय म्हणूनच. तळहाताएवढी पिल्लं भरून देणारी जागा टाळलेलीच बरी. सुरमई, बांगडा, मांदेली आणि बोंबील यांच्यात पैशाच्या मानाने जास्त सुख आहे, हे आमचं स्पष्ट मत.

दोघांसाठी भरपूर होईल अशी ऑर्डर: एक सुरमई थाळी, एक बांगडा थाळी, वर एक प्लेट बोंबील फ्राय आणि एक तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. थाळीतल्या वाटीतलं कालवण बहुतेक ठिकाणी सगळ्या थाळ्यांना एकच असतं आणि त्यातली तुकडी नावापुरती असते. कालवणातला मासा मनापासून खायचा असेल तर कालवण वेगळं सांगा आणि थाळी एकच घ्या. बांगड्याच्या कालवणात तिरफळं असतील तर स्वयंपाकी जाणकार आहे. तीच तिरफळं सुरमईच्या आणि कोळंबीच्या कालवणातही सापडली तर एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढलं जातंय.

बोंबील आधी खा. ताज्या बोंबलात पाणी अतोनात असतं. तो उभा चिरून, वजनाखाली दाबून, पाणी काढून मगच रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवतात. ही दाबण्याची पायरी टाळली की कव्हर एकीकडे आणि आतला लगदा दुसरीकडे. नीट केलेला बोंबीलही ताटात पाचेक मिनिटं पडला तर आतल्या ओलाव्याने मऊ पडतो. फोटो नंतर काढा. रवा गडद तपकिरी आणि बोटांना तेल लागत असेल तर तो आधी तळून ठेवून पुन्हा तेलात सोडलेला आहे. असा परत पाठवायचा हक्क तुम्हाला आहे.

तिसऱ्यांच्या सुक्यात घट्ट मिटलेले शिंपले उघडायचा खटाटोप करू नका, बाजूला ठेवा. आतली तिसरी आधीच मेलेली असण्याची शक्यता असते. पहिल्याच घासाला वाळू कचकचली तर शिंपल्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवलेल्या नाहीत, पूर्ण प्लेट तशीच निघणार.

भाकरी हवी असेल तर ऑर्डरच्या वेळीच सांगा. हातावर थापून भाजायला वेळ जातो आणि मधेच मागितली तर कालवण गार होईपर्यंत येते. कोंबडी-वडे मागवत असाल तर वडे एकदम सगळे आणायला सांगू नका, दोन-दोन करून गरम आणवा. भात शेवटी, सोलकढीबरोबर. सोलकढीचा रंग फिकट गुलाबी असायला हवा आणि थोडा वेळ ठेवली की नारळाचं दूध वर येतं, ते स्वाभाविक आहे. भडक राणी रंग आणि ढवळल्यावरही पाण्यासारखी लागणारी सोलकढी म्हणजे आगळाऐवजी (कोकमाच्या रसाऐवजी) भलतंच काही. ती बहुतेक ठिकाणी एक वाटीच थाळीत असते, जास्तीची बिलात लागते. रस्सा आणि भात पुन्हा मिळतो की नाही, हे आधीच विचारून घ्या.

हंगामाचं एक ध्यानात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्हीकडे बंद, बर्फातल्या मालावर सगळा कारभार. जूनच्या मध्यानंतर पूर्वेकडचा मासा ट्रकने येऊ लागतो. या काळात खाडीचे मासे, सुकट आणि सुके बोंबील मागवा किंवा सरळ मटणाकडे वळा. आणि ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडतात तेव्हा नेमका श्रावण चालू असतो. मासा ताजा, गिऱ्हाईक कमी, टेबल लगेच. श्रावण न पाळणाऱ्यांसाठी वर्षातला याहून चांगला महिना नाही.

उडुपी आणि इराणी, थोडक्यात

माटुंग्याला कॅफे मद्रास, राम आश्रय आणि स्टेशनासमोरचं रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग (१९४२) ही तीन नावं पुरेशी आहेत. सोमवारी जाऊ नका, माटुंग्यात सोमवारची सुट्टी बऱ्याच जणांची असते. सुट्टीच्या सकाळी कॅफे मद्राससमोर नाव लिहून थांबावं लागतं. दोघं गेलात तर अनोळखी माणसांच्या टेबलावर बसवतील, तिथे तीच रीत आहे. रसम वडा, पोडी इडली, रागी डोसा, शेवटी कापी, म्हणजे फिल्टर कॉफी. मसाला डोसा तुमच्या घराजवळही मिळतो. बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावरचं पोटभर जेवण आणि मर्यादित थाळी असे दोन प्रकार असतात. आधी काउंटरवर विचारून कूपन घ्या. पानावरचा भात तीन टप्प्यांत येतो: सांबार, मग रसम, मग ताक. पहिल्याच टप्प्यात भाताचा डोंगर करून घेतला की रसमपर्यंत पोचणं होत नाही. जेवण झाल्यावर गप्पा मारत बसू नका, मागे माणसं उभी असतात.

इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा. ब्रून कडक असतो, तो चहात बुडवून खायचा. दातांनी तोडायला गेलात तर टाळू सोलवटते. खिमा पाव, अकुरी आणि मावा केक सकाळी. धनसाक रोज सगळीकडे नसतो. सोबत रास्पबेरी सोडा घेतला तर तो पालनजीचा आहे का ते बघा. हे नाव १८६५ पासूनचं आहे. काही जागा अजून रोखीच्या आहेत, खिशात पाचशेचे सुटे ठेवा.

परमिट रूम

‘परमिट’ हा शब्द पाटीवर उगाच नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे, फक्त आता त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. कागदोपत्री राज्यात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० रुपयांचा आणि आजीवन १,००० रुपयांचा. कायद्यातलं वय सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१, हार्ड दारूसाठी २५. टेबलावर कोणी परवाना मागत नाही हे खरं, पण धाड पडली किंवा बाटल्या घेऊन घरी जाताना अडवलं तर तो कामाला येतो. हजार रुपयांत कायमचा प्रश्न मिटतो, काढून ठेवा.

कडक दारूबंदीच्या काळात बांद्रा, धोबीतलाव, गिरगावच्या ख्रिस्ती वस्त्यांत घरच्या घरी चालणारे ‘आंटीचे अड्डे’ होते. आजच्या साध्या बारची मोकळीढाकळी रीत, म्हणजे कोणी कोणाला कपड्यांवरून जोखत नाही, ती तिथूनच आली असावी असं वाटतं.

बार बहुधा तीन थरांत असतो. तळमजल्यावर बिगर-एसी, वर माळ्यावर किंवा मागे एसी, आणि काही ठिकाणी ‘फॅमिली’. एसी आणि बिगर-एसीची कार्डं वेगळी, दर वेगळे. बसण्याआधी कुठल्या भागाचं कार्ड हातात दिलंय ते बघा. बायका सोबत असतील किंवा बायकाच जाणार असतील तर कुलाब्यात ताजच्या मागचा गोकुळ, बांद्र्याचा जनता, भुलाभाई देसाई रोडवरचा घेट्टो या जागांत सगळ्या प्रकारचं गिऱ्हाईक असतं. उभ्याने पिण्याच्या क्वार्टर बारमध्ये तसं नसतं. लिओपोल्ड आणि मारिओ मिरांडांच्या भित्तिचित्रांचं माँडेगार बघण्यासारखे आहेत, पण तिथे पर्यटकांचा दर आहे. एक बिअर घ्यावी आणि गोकुळकडे चालू लागावं.

आता मापं. छोटा पेग ३० मिली, मोठा ६० मिली. नाईन्टी म्हणजे ९०, क्वार्टर १८०, हाफ ३७५, खंबा ७५०. क्वार्टरमध्ये तीन मोठे पेग बसतात. कार्डावरचा मोठ्या पेगचा दर तिनाने गुणा आणि सीलबंद क्वार्टरच्या दराशी ताडून बघा. जिथे क्वार्टर मिळते तिथे ती बहुतेक वेळा स्वस्त पडते. दोघांनी एक क्वार्टर, दोन सोडे, बर्फ वेगळा, ही साध्या बारमधली शहाणी सुरुवात.

क्वार्टर आली की झाकणावरचं उत्पादन शुल्क खात्याचं लेबल अखंड आहे का बघा आणि सील तुमच्यासमोर तोडायला सांगा. पेग घेत असाल तर बाटली टेबलावर आणून मापाने ओतायला सांगा. इथे एक हमखास फसगत होते. ग्लासात आधी बर्फ टाकून वर पेग ओतला की ४५ आणि ६० यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ग्लास कोरडा मागवा, बर्फ वेगळ्या भांड्यात. बर्फात निळसर झाक दिसली तर तो खाण्यासाठी नाहीच. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम त्याचसाठी केलेला आहे. मोठ्या पेगला १२० ते १५० मिली सोडा किंवा पाणी पुरतं. त्याहून कमी घातलं की पहिल्या तासातच जेवणाची चव जाते, आणि इथे तर जेवायलाही आलो आहोत.

वेटरला “बॉस” किंवा “भाऊ” म्हणा, टाळ्या-चुटक्या वाजवू नका. वेटर शेट्टीसाहेबांच्या गावचा असेल तर “अण्णा” चालतं. एकाच वेटरला धरून राहा. दुसऱ्याला सांगितलेली ऑर्डर पहिल्याच्या बिलात दोनदा चढते, यात लबाडीपेक्षा गोंधळ जास्त असतो.

चखणा पहिला फुकट येतो: शेंगदाणे, चणे, कुठे काकडी-गाजर, कुठे उकडलेल्या शेंगा. मसाला शेंगदाणे, मसाला पापड यांचे पैसे लागतात. ते न मागता टेबलावर आले तर विचारा. पहिल्या फेरीला कोरडं आणि गरम मागवा: कोळंबी कोळीवाडा, चणा कोळीवाडा, चिकन सुकं, तंदुरी. कोळीवाडा हा प्रकार सायन कोळीवाड्यातला. फाळणीनंतर तिथे वसलेल्या पंजाबी मंडळींची बेसन-ओवा-तिखटाची तळणी आणि कोळ्यांची कोळंबी. ओव्याचा वास आला पाहिजे. नुसता लाल रंग आणि मैद्याचं जाड कव्हर असेल तर पुढच्या वेळी अंडा भुर्जी-पावावर भागवा, तो पदार्थ फारसा कोणी बिघडवू शकत नाही.

भटारखाना बारच्या आधी बंद होतो आणि तंदूर त्याच्याही आधी. परमिट रूमला शहरात रात्री दीडपर्यंत परवानगी असली तरी जेवणाची शेवटची ऑर्डर त्याच्या तासभर आधी घेतात. भात-रोटी अकरापर्यंत सांगून टाका.

वेटर येऊन “रिपीट?” म्हणतो आणि गप्पांच्या भरात आपण मान डोलावतो. रात्रीचा हिशोब तिथे सुटतो. रिकाम्या क्वार्टर आणि बाटल्या उचलू देऊ नका, टेबलाखाली ओळीने ठेवा. बिअर असेल तर झाकणं जमवा. बिल आलं की मोजणी दोन मिनिटांत होते आणि वाद होत नाही.

बिल कसं तपासायचं

परमिट रूमच्या बिलात दोन हिशोब असतात. खाण्यावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. दारूवर जीएसटी नाही, तिथे व्हॅट लागतो. तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. (या आणि इतर करवाढींविरुद्ध १४ जुलै २०२५ ला ‘आहार’ या हॉटेलचालकांच्या संघटनेने बार बंद ठेवले होते.) उदाहरणार्थ खाणं ८०० आणि दारू १,००० असेल तर ४० रुपये जीएसटी, १०० रुपये व्हॅट, एकूण १,९४०. पूर्ण १,८०० वर एकच कर लावलेला दिसला तर बिल चुकीचं आहे. क्वार्टर बारमध्ये दर बहुधा करासकट असतात. तसं असेल तर खाली पुन्हा व्हॅटची ओळ नको.

छोट्या खानावळी बहुधा जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करपद्धतीत) असतात. त्यांना गिऱ्हाईकाकडून जीएसटी वसूल करता येत नाही आणि तसं बिलावर लिहावं लागतं. अशा बिलावर कराची रक्कम दिसली तर काढायला सांगा.

सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती उचलून धरली. “हा काढून द्या” एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी काढतात. नाही काढला तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मात्र सर्व्हिस चार्ज काढून घेतला तर वेटरच्या हातात रोख ठेवा, खाण्याच्या रकमेच्या दहा टक्के रास्त आहेत. कार्डावरून दिलेली टीप त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

कुठल्या दिवशी जाऊ नये

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस पक्के. मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही कोरडा. गणपती विसर्जनासारख्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, तो आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात असतो. कोरड्या दिवशी बारचा भटारखाना पुष्कळ ठिकाणी चालू असतो, आणि नुसतं जेवायला गेलं तर त्या दिवशी स्वयंपाक्याचं लक्ष तुमच्याच ताटाकडे असतं.

गटारीला आणि ३१ डिसेंबरला बारमध्ये जाऊ नये. जागा नाही, जेवण उशिरा, माल हलका, दर वाढलेले. गणपतीच्या दहा दिवसांत लालबागमध्ये जेवायचा बेत आखू नका. रमजानमध्ये महंमद अली रोडला जायचं तर शनिवार-रविवार सोडून आणि रात्री अकरानंतर. उपवास सोडायच्या वेळी रोजेदारांची गर्दी असते, त्या वेळी टेबल अडवू नये.

परत जाताना

घरून निघतानाच परतीचं ठरवा. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एका मोठ्या पेगातही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. गाडी आणूच नका. रिक्षा बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला येत नाहीत, तिथे टॅक्सीच. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच भाड्यावर २५ टक्के जास्त लागतात आणि हा सरकारी दर आहे, त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. शेवटची लोकल साधारण साडेबारा ते एकच्या दरम्यान सुटते, पण ती कुठपर्यंत जाते ते आधी बघा. शेवटच्या गाड्यांपैकी काही अर्ध्या वाटेवरच थांबतात. आणि बारमध्ये भात सांगायचा राहून भटारखाना बंद झालाच असेल तर कुलाब्यात गोकुळच्या गल्लीतच १९४६ सालचं बडेमिया आहे, इतर ठिकाणी स्टेशनबाहेरची भुर्जीपावाची गाडी. तिथे अंडी समोर फोडून घ्या, आणि कांदा आधीच चिरून ठेवलेला असेल तर वरचा कच्चा कांदा नको म्हणा.